पाठपोट प्रिंट, स्पायरल आणि पायथॉन

परवा शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो, पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं ही पीडीएफ पाठपोट काढा, स्पायरल करा, वर प्लॅस्टिक आणि मागं जाड पुठ्ठा. दुकानातल्या पोरानं स्क्रीनवर बघितलं, "काका, दीडशेच्या आसपास पानं हाईत, सगळी काढू?" म्हटलं सगळी काढ. बरोबर माझी भाची होती, ताईची मुलगी, आजऱ्याची, यंदा बीसीएला इथं आलीय आणि हॉस्टेलवर राहते. ती इतका वेळ गप्प होती, पहिली पानं मशिनमधनं बाहेर पडायला लागल्यावर म्हणाली, "मामा, हे सगळं नेटवर फुकट हाय की. मोबाइलवर उघडतंय. कागद कशाला घालवायचा?"

ती पीडीएफ म्हणजे पायथॉन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं ट्युटोरियल, म्हणजे ओळीनं शिकवणारा भाग. ती म्हणते ते खरंच आहे, फुकट आहे, मोबाइलवर उघडतं, आणि दर नव्या व्हर्जनबरोबर अपडेट पण होतं. तिथं उभ्या उभ्या मला नीट सांगता आलं नाही, मागं रांग होती, मशिनचा आवाज होता, म्हणून आज बसून लिहितोय. तिच्यासाठी तर आहेच, पण दरवर्षी जून-जुलैला ओळखीतल्या कुणाची ना कुणाची पोरं हेच विचारतात, पुस्तक घेऊ का ऑनलाइनच बघू, त्यांच्यासाठी पण. (व्हिडिओचं आज काही बोलत नाही, तो वेगळा विषय आहे.)

मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो २००५ साली. घरी कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्याला दोन प्रॅक्टिकल, एका मशिनवर दोघं, कधी तिघं, निळ्या स्क्रीनचं टर्बो सी, कंट्रोल एफ नाइन दाबलं की रन आणि आल्ट एफ फाइव्ह दाबलं की आउटपुट, आणि त्या सगळ्यात कीबोर्ड आपल्या हातात यायचा जेमतेम वीस मिनिटं. म्हणून खरा अभ्यास घरी वहीतच. प्रोग्राम वहीत लिहायचा आणि हातानं चालवायचा, व्हेरिएबलचे रकाने आखायचे, लूप एक एक फेरी पुढं न्यायचा, कुठल्या फेरीला कुणाची किंमत किती झाली ते पेन्सिलनं भरत जायचं. आमचे सर ह्याला ड्राय रन म्हणायचे. तेव्हा वाटायचं आपल्याकडं मशिन नाही म्हणून हे करावं लागतंय. आज वीस वर्षांनी सांगतो, मला प्रोग्रामिंग जे काही येतं त्याचा पाया त्या रकान्यांत आहे.

पुस्तक होतं कर्निगन आणि रिचीचं, एका सीनियरनं कॉलेज सोडताना दिलेली जुनी प्रत, दुसरी आवृत्ती, १९८८ ची. पहिली आवृत्ती १९७८ ची. रिची म्हणजे ज्यानं सी भाषा केली तोच. तीनशे पानांच्या आतलं पुस्तक, आणि त्यातलं पहिलंच प्रकरण सगळ्या भाषेवरनं एकदा फिरवून आणतं, लूप, ॲरे, फंक्शन, सगळं थोडं थोडं, मग पुढची प्रकरणं तेच खोलात नेतात. त्या पहिल्या प्रकरणात फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं एक कोष्टक आहे, ० पासून ३०० पर्यंत वीस-वीसच्या टप्प्यानं. तिथं लिहिलंय की आधी ५ नं गुणा आणि मग ९ नं भागा, ५ भागिले ९ आधी करू नका, कारण पूर्णांकांच्या भागाकारात दशांशाचा भाग तोडून टाकला जातो, ५ भागिले ९ म्हणजे सरळ ०, आणि मग सगळं कोष्टकच शून्य येणार. मी हे वहीत करून बघितलं. ० फॅरनहाइटला उणे १७ आलं, खरं उत्तर उणे १७.८ च्या जवळ. २० ला उणे ६ आलं, खरं उणे ६.७. म्हणजे मशिन चुकत नाहीये, मशिन तोडतंय, आणि ते तोडणार हे आपल्याला आधीच माहीत पाहिजे. कुणी प्रश्न विचारला नव्हता, परीक्षेला पण हे कधी आलं नाही. लेखकाला वाटलं की ह्या टप्प्यावर हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून त्यानं ते तिथं ठेवलं. माझ्या मते पुस्तकाचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे. आधी काय, नंतर काय आणि आत्ता काय अजिबात सांगायचं नाही, हे ज्याला भाषा येते त्यानं आपल्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. शिकणाऱ्याला हे स्वतः ठरवता येत नाही, कारण त्यासाठी ती भाषा आधीच यावी लागते!

आणि त्याच पुस्तकाच्या मागच्या भागात काय आहे माहितीय? परिशिष्ट अ, सी चं रेफरन्स मॅन्युअल. म्हणजे एकाच बाइंडिंगमध्ये पुढं शिकवायचा भाग आणि मागं बघायचा भाग. पुढचा भाग गोष्टीसारखा वाचायचा, मागचा अडलं की उघडायचा. तीच माणसं, तीच भाषा, पण लिहायची पद्धत पूर्ण वेगळी, मागच्या भागात उदाहरणं कमी, नियम जास्त, शब्द मोजून मापून वापरलेले. मी कॉलेजात असताना मागच्या भागाला हात लावला नव्हता आणि नोकरीला लागल्यावर पुढच्या भागाला क्वचित लावला.

म्हणून पुस्तक आणि मॅन्युअलची ही लढाई मला पटत नाही, दोन्ही एकाच घरातली आहेत. युनिक्स ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं प्रोग्रामर्स मॅन्युअल अमेरिकेतल्या बेल लॅबमधलं, ३ नोव्हेंबर १९७१ तारखेचं, त्याच्यामागं पण युनिक्स करणाऱ्या केन थॉम्प्सनबरोबर हाच रिची. कागदावरचं मॅन्युअल होतं ते. आज लिनक्सवर मॅन ही आज्ञा टाइप करून जे पान उघडतं त्याचं घराणं तिथनं आलंय. त्या पानांत 'बग्स' असा एक मथळा असतो, आपल्याच प्रोग्राममध्ये काय दोष आहेत ते आपणच लिहून ठेवायचं. मला हा प्रामाणिकपणा लई आवडतो.

आता ऑनलाइन मॅन्युअलची बाजू, आणि ही बाजू हलकी नाही.

२०१४ ला मी पायथॉन शिकायला घेतलं. पुण्याला गेलो होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकात एक जुनं पुस्तक मिळालं, पायथॉन २ चं. मशिनवर मात्र मी पायथॉन ३ टाकलेलं. पहिल्या पानावरचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि पहिल्याच ओळीला एरर, कारण पायथॉन ३ मध्ये प्रिंट, म्हणजे स्क्रीनवर दाखवायची आज्ञा, हे फंक्शन झालं, त्याला कंस लागतो. पायथॉन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये, पायथॉन २ चा सपोर्ट थांबला १ जानेवारी २०२० ला, म्हणजे मधली अकरा वर्षं दोन्ही चालू होती आणि दुकानात दोन्हीची पुस्तकं एका फळीवर. कव्हरवर नुसतं पायथॉन. नवशिक्यानं ओळखायचं कसं?

प्रिंटचं तरी बरं, तिथं एरर येतो, माणूस थांबतो, शोधतो. पण त्या पुस्तकात लिहिलेलं की ७ भागिले २ म्हणजे ३, सी सारखंच, आणि पायथॉन ३ मध्ये ते होतं ३.५. इथं एरर नाही, काही नाही, उत्तर गुपचूप बदलतं. जुनं वागणं पाहिजे असेल तर दोन तिरप्या रेघा द्यायच्या. हे मला अधिकृत डॉक्युमेंटेशनमधल्या 'व्हॉट्स न्यू' पानावर कळलं. प्रत्येक व्हर्जनचं असं एक पान असतं, काय बदललं, काय काढलं, का काढलं. छापलेलं पुस्तक हे करूच शकत नाही, ते ज्या दिवशी छापलं त्या दिवशी थांबलं. अजून एक उदाहरण, जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की डिक्शनरीत (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायची पायथॉनमधली सोय) क्रमावर विसंबून राहू नका, आणि छापलं तेव्हा ते बरोबर होतं, पण २०१८ ला ३.७ आलं आणि तिथनं पुढं ज्या क्रमानं टाकलं तोच क्रम राहणार ही भाषेची हमीच झाली. पुस्तकाची चूक नाही, लेखकाची पण नाही, भाषा पुढं गेली.

मॅन्युअलच्या पानावर वर कोपऱ्यात व्हर्जन निवडायची सोय असते, तिच्याकडं पोरं बघतच नाहीत. सर्चमधनं आलं की कुठल्या व्हर्जनच्या पानावर आलो ते आधी बघायचं, हे मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

एवढं सगळं असून भाचीला कागद का दिला, तर ते मला माझ्याच एका चुकीनं शिकवलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी रिजेक्शनचा रिपोर्ट लिहीत होतो. फाउंड्रीत भट्टीतनं एका वेळी जो रस ओततात त्याला हीट म्हणतात, प्रत्येक हीटमधनं किती कास्टिंग निघाले, किती बाद झाले, का बाद झाले, ब्लो होल, सँड ड्रॉप, कोल्ड शट, ह्याची यादी रोज मालकाला पाहिजे असते. मी एक छोटं फंक्शन लिहिलं, हीटमधला दोष दिला की तो यादीत टाकायचा, आणि यादी दिली नसेल तर आपोआप रिकामी यादी घ्यायची. डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर धरायची किंमत, म्हणून रिकामे चौकोनी कंस, पायथॉनमध्ये रिकामी यादी अशीच लिहितात. साधी गोष्ट. पहिल्या हीटचा रिपोर्ट बरोबर आला. दुसऱ्या हीटच्या रिपोर्टमध्ये पहिल्या हीटचे पण दोष. तिसऱ्यात दोन्हींचे. क्वालिटीवाला म्हणायला लागला की तिसऱ्या हीटला एवढे ब्लो होल निघालेच नाहीत, आणि तो बरोबर होता. मी दोन दिवस शोधत होतो, फाइल वाचण्यात चूक आहे, लूपमध्ये चूक आहे, एक्सेलमध्ये चूक आहे. मॅन्युअल दिवसभर उघडं होतं, लिस्टचं पान दहा वेळा वाचलं, अपेंडचं वाचलं.

कारण निघालं डिफॉल्टमध्ये. पायथॉनमध्ये डिफॉल्ट किंमत एकदाच काढली जाते, फंक्शन लिहिलंय ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा. दर वेळी फंक्शन बोलावलं की नवी रिकामी यादी मिळत नाही, तीच एक यादी वापरली जाते आणि ती भरत जाते. उपाय दोन ओळींचा, डिफॉल्ट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवायचा आणि आत गेल्यावर नवी यादी करायची. आणि हे सगळं त्याच ट्युटोरियलच्या चौथ्या प्रकरणात, महत्त्वाची सूचना असं ठळक लिहून, उदाहरणासकट दिलंय. मी चार वर्षं त्या साइटवर रोज जात होतो. चौथ्या प्रकरणात पण कित्येकदा उतरलो असेन, पण सर्चमधनं थेट पानाच्या मध्यावर, पाहिजे तो परिच्छेद बघायचा आणि बाहेर. ती सूचना माझ्या वर दोन स्क्रीन किंवा खाली दोन स्क्रीन कुठंतरी होती.

हे मला नीट सांगायचंय. मॅन्युअल उत्तर देतं, उत्तम देतं, पण प्रश्न आपल्याला माहीत असला पाहिजे. डिफॉल्ट किंमत कधी काढली जाते हा प्रश्नच माझ्या डोक्यात नव्हता, तर मी सर्चला टाकणार काय? भाषेच्या ज्या कोपऱ्याचं नावच माहीत नाही तिथं शोधत जाता येत नाही, तिथं ओळीनं वाचतच पोचावं लागतं.

उद्यमनगरात माझा चुलतभाऊ सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या मशिनवर आहे. त्याच्या मशिनशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत मॅन्युअल टांगलेलं असतं, कडा कूलंटनं पिवळ्या झालेल्या. अलार्म आला की नंबर बघतो आणि पान काढतो, अर्ध्या मिनिटात. पण जी झिरो वन ही आज्ञा म्हणजे सरळ रेषेत कापत जाणं, हे तो मॅन्युअलमधनं शिकला नाही, सहा महिने एका जुन्या ऑपरेटरच्या मागं उभा राहून शिकला, आणि तो ऑपरेटर त्याला रोज थोडंच दाखवायचा. आपल्या धंद्यात मागं उभं राहायला असा माणूस सगळ्यांना मिळत नाही, तिथं पुस्तक लागतं.

पुस्तकच पाहिजे तर ट्युटोरियल का, चांगलं छापील पुस्तक का नाही, असं ताईनं फोनवर विचारलं. कारण पायथॉनचं ट्युटोरियल हे मुळात पुस्तकच आहे. त्याला सुरुवात आहे, क्रम आहे आणि शेवट आहे, एक ते सोळा प्रकरणं, परिशिष्ट धरून. लायब्ररी रेफरन्स दोन हजार पानांच्या वर जातो, तो कुणी ओळीनं वाचायचा नसतो, तो परिशिष्ट अ सारखा. पण ट्युटोरियल वाचायचं असतं, आणि ते वेबसाइटवर असल्यामुळं कुणी वाचत नाही, सगळे माझ्यासारखे मध्येच उतरतात. छापून बांधलं की ते परत पुस्तक होतं. शिवाय आजच्या व्हर्जनचं असतं, अप्पा बळवंत चौकातल्या माझ्या पुस्तकासारखं होत नाही. रस्ट ह्या दुसऱ्या एका प्रोग्रामिंगच्या भाषेवाल्यांनी तर हे आधीच जमवलंय, त्यांचं मुख्य पुस्तक नेटवर फुकट आहे, छापील पण विकत मिळतं आणि रस्ट टाकलं की ते मशिनवरच ऑफलाइन येतं.

दुसरं कारण भाषेचं. भाची दहावीपर्यंत मराठी मीडियमला. इंग्रजी वाचते पण हळू, शब्दाला अडखळते. मोबाइलवर अडखळली की ती ब्राउझरचं भाषांतर लावते, आणि मी एकदा तिच्या मोबाइलवर स्ट्रिंगचं (प्रोग्रामिंगमध्ये स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची ओळ) 'तार' झालेलं बघितलं, त्यानंतर पुढचं काय कळणार तिला? कागदावर समास असतो. 'इटरेबल' शब्द आला की शेजारी मराठीत लिहायचं, ज्यातनं एक एक गोष्ट काढत जाता येते ते. एकदा स्वतःच्या हातानं स्वतःच्या भाषेत लिहिलं की तो शब्द आपला होतो, आणि महिन्याभरानं परत त्या पानावर आलं की आपलाच आधीचा अर्थ खोडून नवा लिहिता येतो. माझ्या कर्निगन-रिचीच्या समासात पॉइंटरच्या प्रकरणाला तीन वेळा लिहून दोन वेळा खोडलेलं आहे.

त्या प्रतीचं पण सांगतो. ऑगस्ट २०१९. आम्ही तेव्हा शाहूपुरीत तळमजल्यावर राहत होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट, त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. रात्री सामान वर चढवताना गॅस, धान्य, कागदपत्रं, पोरांचे कपडे आधी, आणि ते बरोबरच होतं, पुस्तकांची खालची फळी राहिली. आम्ही मंगळवार पेठेत चुलत्यांकडं गेलो. हायवे शिरोलीपाशी बंद, लाइट नाही, मोबाइलला रेंज येऊन जाऊन. एका गिऱ्हाइकाचं काम अर्धवट होतं आणि लॅपटॉप शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर थोडा थोडा चार्ज व्हायचा. त्या दिवसांत मला पायथॉनमधल्या हेल्प फंक्शनची किंमत कळली, नेट लागत नाही, नाव दिलं की माहिती तिथंच येते. आणि पूर्ण डॉक्युमेंटेशन मी कधीतरी डाउनलोड करून ठेवलं होतं, ते उघडलं. काम झालं. तेव्हापासनं नवी भाषा टाकली की पहिलं काम तिचं ऑफलाइन डॉक्युमेंटेशन उतरवणं, हे मी चुकवत नाही. आजऱ्याला पावसात लाइट आणि रेंजचं काय होतं ते भाचीला मी सांगायला नको.

पाणी उतरल्यावर घरी आलो तर खालच्या फळीवरची पुस्तकं फुगलेली. बरीच गेली. कर्निगन-रिचीची पानं चिकटली नव्हती, दर दहा-बारा पानांत वर्तमानपत्राचा कागद घालून पंख्याखाली आठवडाभर ठेवलं, कागद ओला झाला की बदलायचा. वाचलं ते. आता दुप्पट जाड दिसतं, वास अजून येतो. बॉलपेननं अधोरेखित केलेलं टिकलं, शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं होऊन पसरलं, सीनियरनं पहिल्या पानावर लिहिलेलं नाव पण गेलं. पेन्सिलनं लिहिलेलं जसंच्या तसं आहे. ते फॅरनहाइटचं कोष्टक पण, उणे १७, उणे ६, ४, माझ्या त्या वेळच्या अक्षरात.

झेरॉक्सच्या दुकानातनं बाहेर पडताना शेजारच्या स्टेशनरीतनं तिला दोन पेन्सिली आणि एक खोडरबर घेऊन दिला. दिवसाला सात-आठ पानं, जास्त नाही. प्रत्येक उदाहरण आधी वहीत हातानं चालवायचं, उत्तर लिहायचं, मग मशिनवर. अडलं तर आधी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह, मग मॅन्युअल उघडायचं आणि वर व्हर्जन बघायचं. मला फोन त्याच्यानंतर.

काल रात्री तिनं व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो पाठवला. तिसरं प्रकरण, भागाकाराचं. समासात लिहिलंय, "१७ / ३ ला दशांश येतोय, दोन रेघा दिल्या की ५ येतंय. मग उणे १७ ला किती?" आणि खाली वहीचा फोटो, तिनं हातानं काढलेलं उत्तर उणे ५, मशिनचं उणे ६. सी मध्ये शून्याच्या दिशेनं तोडतात, पायथॉन खालच्या पूर्णांकावर नेतं, म्हणून हा फरक. मी तिला अजून सांगितलेलं नाही. रविवारी ती घरी येणार आहे, तेव्हा ते फुगलेलं पुस्तक काढून कोष्टकाच्या पानावर दोघं बसणार आहोत.